सगुणीची कणगी आणि ढोल्या राक्षस

तर एकदा काय झालं, बरं का, घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि गावाच्या कडेला एक बुरुडाचं घर होतं. घरात सगुणी, तिचा नवरा भिवा आणि त्यांची लेक बकुळी. भिवा बांबू तोडून आणायचा, सगुणी विणायची. सुपं, टोपल्या, रोवळ्या. आणि कणग्या. कणगी म्हणजे धान्य साठवायची मोठ्ठी टोपली, तुमच्याहून उंच. गावातल्या घराघरात सगुणीच्या हातची कणगी. आणि सगुणीच्या घरात? एकसुद्धा नाही! का, तर भरायला धान्यच नाही. हा कुठला न्याय, सांगा बरं.

एका वर्षी डोंगरातल्या बांबूला फुलं आली. फुलं आली की बांबू मरतो. सगळं बन वाळून गेलं. बांबू नाही तर टोपली नाही, टोपली नाही तर धान्य नाही. बकुळी भुकेनं रडायला लागली. सगुणी गावात मागायला गेली, तर भरल्या कणग्यांना पाठ लावून लोक म्हणाले, "आमचंच आम्हाला पुरेना."

मग भिवा घाट चढून ढोल्याकडे गेला. ढोल्या होता राक्षस. त्याच्या गुहेत धान्याच्या राशीच्या राशी. तुम्हाला वाटेल, त्यानं भिवाला खाल्लं असेल. छे! माणूस खाणारा राक्षस एकदाच जेवतो. हा फार हुशार. हा माणसांना राबवायचा आणि जन्मभर जेवायचा.

"ये रे भिवा," तो गोड बोलला. "ने की धान्य. एक पायली नेलीस तर दोन आणून दे. घाई नाही."

त्याची धान्य मोजायची लाकडी पायली जादूची होती. देताना आक्रसायची, घेताना पसरायची. मेली लबाड!

मग पलीकडच्या डोंगरात बांबू सापडला. दोघं पुन्हा कामाला लागली. टोपलीला धान्य मिळालं की भिवा ते उचलायचा आणि घाट चढायचा.

सगुणी म्हणायची, "अहो, थोडं घरात ठेवू या."

भिवा म्हणायचा, "देणं म्हणजे पायातला काटा. आधी तो काढायचा, मग बाकीचं." माणूस सरळ होता हो. देण्याची त्याला लाज वाटायची. घरात नुसती पेज, आणि वर राक्षसाचं पोट फुगतंय.

फिटत आलं, अगदी फिटत आलं, आणि भिवाच्या हाताला कोयता लागला. काम बंद, आणि घरात दाणा नाही. मग काय, गेला वर. ढोल्या दगडावर पायली भरूनच बसला होता. "या या, वाटच बघत होतो."

हात बरा झाला. पुन्हा राबले, पुन्हा सगळं वर नेऊन ओतलं. पुन्हा फिटत आलं, तर बकुळीला ताप चढला. सगुणी तिच्या उशाशी बसून राहिली, विणणार कोण? भिवा पुन्हा वर. "या या, वाटच बघत होतो."

मग तिसरं संकट: वादळ आलं आणि छप्पर उडालं. या वेळी सगुणी भिवाबरोबर गेली. भिवानं हात जोडले, ढोल्या हसला, पायली आक्रसली. सगुणीनं ते सगळं पाहिलं, आणि घाट उतरताना तिचं डोकं जे तापलं म्हणता!

"त्यानं वाट का बघू नये?" ती म्हणाली. "दर वेळी आपण घर झाडून सगळं त्याला देतो. मग एवढंसं काही झालं की त्याच्याच दारात. पळतो आपण, आणि पोचतो त्याच्याकडेच!"

"पण देणं..."

"देणं देऊ. दाणा दाणा देऊ. पण आधी माझ्या लेकीचं महिन्याचं पोट घरात पाहिजे. मग त्याचं."

भिवानं कमरेचा कोयता काढून धार बघितली. मग म्हणाला, "बांबू कापून देतो तुला. चांगला कोवळा."

मग सगुणीनं स्वतःच्या घरासाठी छोटीशी कणगी विणली. शेणानं लिंपली. रोज मिळालेल्या धान्यातलं आधी ओंजळभर कणगीत, मग पोटाला, आणि उरेल ते ढोल्याला. हळूहळू कणगी भरत आली.

गावाला काय, बोलायला हवंच. "अगंबाई, अंगावर देणं आणि घरात साठवण! लाज नाही." बोलणारे कोण, तर भरल्या कणग्यांना टेकून बसलेले. मला तर आत्तासुद्धा त्यांचा राग येतो.

ढोल्याच्या कानावर गेलं. तो धाडधाड खाली आला. "माझं देणं बाकी असताना साठवता? चोर कुठले! आण ती कणगी!"

आणि आपला भित्रा भिवा दारात आडवा उभा राहिला, बरं का. जागचा हलला नाही. "तुझं देणं देतोय, देत राहीन. पण हे माझ्या लेकीचं आहे. दाणा मिळणार नाही. मला खायचं तर खा. मग तुझं फेडणार कोण?"

ढोल्यानं मनात हिशेब केला. भिवाला खाल्लं तर सगळंच बुडालं! दात खात गेला परत.

आठवड्यानं डोंगराची दरड कोसळली आणि बांबूची वाट बंद झाली. आपोआप कोसळली म्हणतात. मी नाही मानत! ढोल्या पायली भरून दगडावर बसला. आज येतील, उद्या येतील. कुणी येईना. खाली सगुणी कणगीतलं धान्य काढायची, भाकरी भाजायची, तिघं पोटभर जेवायची. महिनाभर भिवानं दगड बाजूला केले. वाट मोकळी झाली. ढोल्याच्या पायलीतल्या धान्याला मात्र कोंब फुटले.

मग त्यांनी आधी कणगी पुन्हा भरली. ती भरल्यावर पुढचं सगळं, अगदी सगळं, देण्याकडे लावलं. आता मध्येच वर जाऊन हात पसरणं नाही, त्यामुळे देणं भराभर उतरायला लागलं.

शेवटच्या दिवशी तिघंही घाट चढून गेली. ढोल्यानं पायली पुढे केली, तशी सगुणी म्हणाली, "थांब. आज माप मी धरते." आयुष्यभर बांबू वाकवलेले हात ते! तिनं पायलीचा काठ असा आवळला, की ती जादूची पायली कुरकुर कुरकुर वाजली, पण बोटभरसुद्धा पसरली नाही. भिवानं धान्य ओतलं. माप भरलं.

"फिटलं का?" सगुणीनं विचारलं.

ढोल्यानं नुसती मान हलवली.

"तोंडानं बोल. एवढी वर्षं गोड बोलत होतास की."

"फिटलं," ढोल्या पुटपुटला.

त्या संध्याकाळी भिवा अंगणात आडवा झाला आणि कितीतरी वर्षांनी घोरला. पुढे गावातली आणखी चार गरीब घरं सगुणीकडून छोट्या कणग्या घेऊन गेली. धान्य नंतर द्या, म्हणाली ती, आणि जेवढ्याला तेवढंच घेतलं. घाटात कुणी फिरकेना, तेव्हा ढोल्या एक दिवस डोंगर ओलांडून निघून गेला. बकुळी मोठी झाली, आईसारखी विणायला लागली, आणि सगळी सुखानं राहिली.

झाली गोष्ट. माझाही राग आता निवला. सरका जरा, पाय आत घ्या, आणि मिटा डोळे.