कडेवरून उतरलेल्या लेकराची कहाणी

ऐक जिवती आई, तुझी कहाणी. नगर होतं आटपाट, नगराबाहेर होता कुंभारवाडा. तिथं सगुणा कुंभारीण राही. तिचा लेक गोंदू. तीन वर्षांचा झाला, दिसे वर्षाचा. बरोबरीची पोरं अंगणात धावत, हा आपला आईच्या कडेवर. सगुणा चिखल तुडवी, पोर कडेवर. पाणी आणी, पोर कडेवर. गोवऱ्या वेची, पोर कडेवर. मनात म्हणे, "हा कधी गं उतरेल? कधी माझ्यापुढं पळेल?" तिचा जीव तीळ तीळ तुटे. देवीचे उपास करी.

घरी आमटी शिजे. सासू म्हणे, "लेकराचं पोट इवलंसं. त्याला वरचं निवळ घाल. तळचं दाट राबणाऱ्यांना." सासू वाईट नव्हती हो, तिला तिच्या सासूनं असंच शिकवलेलं.

मग श्रावणातला शुक्रवार आला. जिवतीनं म्हातारीचं रूप घेतलं, दारी आली. "बाई, भूक लागली." सगुणानं पळी तळाशी घातली, तिला दाट वाढलं. गोंदूच्या वाटीत पाणी. म्हातारी म्हणाली, "मला दाट का गं?"

"आजी, तुम्ही मोठ्या."

"मी झालेच की मोठी! ज्याला मोठं व्हायचंय, त्याला पाणी?"

सगुणाचे डोळे भरले. "आजी, मला वसा सांगा."

"उपास सोड. पळी तळाशी घाल. पहिलं दाट लेकराला, मग तूही पोटभर जेव. भरवताना घाई करूं नको, तोंड फिरवलं तर रागावूं नको, घेतला वसा टाकूं नको."

"वसा कधी संपवावा?"

"पोर कडेवरून उतरेल तेव्हा." म्हातारी दिसेनाशी झाली.

सगुणानं गोंदूसाठी पळी तळाशी घातली, तशी सासूनं ती धरली. "हे काय गं?"

"आत्याबाई, देवीचा वसा आहे."

सासूनं पळी सोडली. दुसऱ्या दिवशी तिनंच तळ ढवळला.

मग दसरा आला, गोंदू म्हणाला, "आणखी." संक्रांत आली, उंबरा धरून उभा राहिला. शिमगा आला, दोन पावलं टाकून पडला. सगुणा घास घेऊन बसलीच. मग वैशाखातली अखिती आली. सगुणा मडकी घेऊन बाजाराला निघाली, पोर कडेवर. वाटेत मुलं खेळत होती. गोंदू चुळबुळला, "आये, सोड मला." घसरून खाली उतरला, पळत सुटला. हाक मारली तरी वळून पाहीना. सगुणाचा हात कमरेशी गेला. कड रिकामी. इतके दिवस हेच मागितलं होतं, आणि आता कडेला करमेना. भर रस्त्यात ती हसली, रडली.

तिची कड जशी पळत्या लेकरानं रिकामी केली, तशी तुम्हां आम्हां साऱ्या आयाबायांची होवो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचांत सांगितली, घासाघासानं सुफळ झाली, संपूर्ण झाली.