सगळ्यांत हळू वल्हं

फार जुनी गोष्ट आहे, बरं का! इतकी जुनी, की तेव्हा नदीवर पूल बांधायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पलीकडे जायचं तर होडी हवी आणि होडी हवी तर नावाडी हवेत. अशा नावाड्यांचं एक गाव होतं. गावाच्या काठावर चिंचेखाली शाळा भरायची आणि सगुणाबाई शिकवायच्या. बाईसुद्धा नावाड्याचीच लेक.

राजाचा नियम मोठा कडक होता. सुगी संपली की राजधानीहून पंडित यायचे. एकेका मुलाला उभं करायचे, पोथी पुढ्यात धरायचे आणि म्हणायचे, "वाच." जो अडला, त्याची शाळा सुटली ती कायमची.

या शाळेत भिंगरी नावाची मुलगी होती. नाव अगदी शोभायचं तिला. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू! पण पोथी समोर आली, की हिची दातखीळ बसायची. एक अक्षर धरावं, तर दुसरं निसटायचं. मग मुलं फिदीफिदी हसायची आणि जेवढं येत होतं तेवढंही पळून जायचं.

एके दिवशी तिचे वडील शाळेत आले. म्हणाले, "बाई, पंडितांपुढं पोरीची शोभा नको. घरी जाळी विणायला बसवतो तिला."

"आबा, मला शिकायचंय," भिंगरी म्हणाली.

"दादा, पंडित येईस्तोवर तिला राहू द्या," बाई म्हणाल्या. "पुढचं माझ्याकडं लागलं."

म्हणाल्या खऱ्या, पण करायचं काय? बाईंनी ठरवलं, सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचायचं. मग भिंगरीला कोण हसणार? दुसऱ्या दिवशी चिंचेखाली एकच गलका झाला. राणोजी नावाचा पोरगा सगळ्यांत हुशार. तो सुसाट सुटला आणि त्याच्यामागं बाकीचे. बाई खूश! पण भिंगरीच्या मागे जाऊन त्यांनी कान दिला, तर पोरीचे नुसते ओठ हलत होते. आवाजाचा पत्ता नाही.

संध्याकाळी बाई तोंड पाडून नदीवर बसल्या. समोर होडी चालली होती. आज होडीत एक नवखा नावाडी होता, म्हणून त्याला मधोमध बसवलं होतं, दोन्ही बाजूंना जुने गडी. पुढचा म्हातारा गाणं म्हणत होता, मागचे झेलत होते. पण आज गाण्याची चाल किती संथ! नवख्याचं वल्हं पाण्यात पडेल, तेव्हाच गाणं पुढे सरकायचं. त्या गावाची रीतच होती ती. नवा माणूस आला, की होडी त्याच्या चालीनं चालायची, आणि त्याचा हात बसला की आपोआप वेग धरायची.

बाई ताडकन उठल्या. "अगं बाई! काखेत कळसा नि गावाला वळसा! मी स्वतः अशीच शिकले की वल्हवायला!"

त्या रात्री आनंदानं त्यांना झोप आली नाही. सकाळी त्यांनी मुलांना दोन रांगांत बसवलं, होडीत बसतात तसं. भिंगरी मधोमध, तिच्या शेजारी राणोजी.

"ही आपली होडी," बाई म्हणाल्या. "आधी मी ओळ वाचीन, मग अक्षरांवर बोट ठेवून सगळ्यांनी. चाल सगळ्यांत हळू वल्ह्याची. कुणाचंही वल्हं कोरडं राहता कामा नये!"

राणोजी कुरकुरला. "बाई, असं रांगत गेलो तर पोथी कधी संपायची?"

"पलीकडं होडी पोचवायचीय, का तुझं एकट्याचं वल्हं?"

सगळे हसले. राणोजीसुद्धा हसला आणि त्यानं आवाज आवरला.

मग काय मजा सुरू झाली! मुलं पायानं ताल धरायची, ओळ चुकली की सगळी मिळून पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायची. कोण चुकलं, हे बघायला कुणी मान वळवायचं नाही. भिंगरीचा आवाज आधी कुजबुजला, मग फुटला. हळूहळू बाई पुढून बाजूला झाल्या आणि रोज एकेक मूल पुढे बसून ओळ सांगू लागलं. होडीनं वेग धरला.

आणि पंडित आले! सारं गाव काठावर जमलं.

"कळपानं वाचता म्हणे?" पंडितांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे नुसती घोकंपट्टी." त्यांनी स्वतःच्या पडशीतून एक नवीकोरी पोथी काढली. ती या गावात कुणी पाहिलेलीही नव्हती. त्यांनी नेमकं भिंगरीला उभं केलं. "वाच."

भिंगरीचं बोट पहिल्याच अक्षरावर खिळलं. वडिलांनी मान खाली घातली.

इतक्यात भिंगरीचा पाय हलला. तिनं ताल धरला. "एका राजानं..." ती अडली. पुन्हा सुरुवातीला आली. "एका राजानं... विहीर खणली!"

"एका राजानं विहीर खणली!" मागून सगळी शाळा गरजली. सवयच ती!

पंडित ओरडणार होते, पण थबकले. पोथी फक्त भिंगरीपुढे होती. बाकीच्यांना ती दिसतही नव्हती. म्हणजे ही पोरगी वाचत होती आणि सारी शाळा तिच्या मागून येत होती! सगळ्यांत मोठा आवाज राणोजीचा, आणि तोही तिच्याच चालीनं.

"विहिरीला... पाणीच लागेना!"

"हैय्या!" वल्हं उंचावून भिंगरीचे वडील ओरडले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

पान संपलं तसे पंडित पोथी मिटू लागले. तर पोरं ओरडली, "अहो, विहिरीला पाणी लागलं का पुढं?" गावकरीही ओरडले. पंडितांना हसू आवरेना. ते मुकाट्यानं मुलांच्या रांगेत जाऊन बसले आणि भिंगरीला म्हणाले, "वाच, पोरी. आता मीही तुझ्या मागून म्हणतो."

भिंगरीची शाळा सुटली नाही, हे सांगायला नकोच. पंडितांनी राजाला सांगून तो नियमच रद्द करवला. पुढे त्या राज्यात गावोगाव मुलं होडीसारखी बसून वाचू लागली.

तात्पर्य: हळू चालणाऱ्याला मागे टाकून एखादाच पुढे जातो, पण हळू चालणाऱ्याच्याच चालीनं चाललं, तर सगळेच पैलतीराला लागतात.