केवडीची दुसरी पाचवी

ऐक सटवाईबाई, तुझी कहाणी. आटपाट नगराच्या वेशीला कुंभारआळी होती. तिथं आवडाबाई कुंभारीण राहायची. गावात बाळ जन्मलं की त्याच्यामागून पडणारी वार पुरायला मडकं तिच्याच घरचं. तिचा नेम कडक. वार रक्तासकट मातीला द्यायची, थेंब बाहेर ठेवायचा नाही.

तिची नात केवडी, पाच वर्षांची. तिला रक्ताचा कर्करोग झाला. ताप हटेना, अंगावर डाग उठले. डॉक्टर म्हणाले, जुनं रक्त जाळायचं, घरच्या माणसाच्या रक्ताचं बीज घालायचं. मग बापाचं तपासलं, जुळलं नाही. मग आईचं तपासलं, जुळलं नाही. मग काकाचं तपासलं, जुळलं नाही. आई पारूला दिवस गेलेले होते. पोटातल्या बाळाचं तपासलं, ते जुळलं! नाळ कापल्यावर वारेत उरतं तेवढं रक्त द्या, डॉक्टर म्हणाले, बाळाला काही होत नाही.

आवडाबाई अडून बसली. नेम मोडला तर सटवाई बाळावर कोपेल. लेकानं हात जोडले, सुनेनं पाय धरले, ती ढिम्म हलेना. आतून मात्र जीव तुटत होता.

मग एके दुपारी दारात म्हातारी आली. घसा सुकलाय, पाणी दे म्हणाली. आवडाबाईनं पाणी दिलं, उरलेलं तुळशीत ओतलं. म्हातारी म्हणाली, "आधी तहानलेल्याला दिलंस, उरलं ते मातीला. बाई, मी तरी आणखी काय मागते?" आवडाबाईनं मान वर केली, तर दारात कुणी नाही. तिनं ओळखलं, सटवाईच येऊन गेली.

मग पारू बाळंत झाली, मुलगा झाला. नाळ कापली. आवडाबाईच म्हणाली, "आधी केवडीला." वारेतून फुलपात्रभर रक्त निघालं. मग वार मडक्यात घालून पुरली, पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून बाळाची पाचवी पुजली. बाळ खुशाल राहिलं.

केवडीचं जुनं रक्त औषधांनी जाळलं, केस गेले. मग भावाचं रक्त थेंब थेंब अंगात सोडलं. एक आठवडा गेला, काही नाही. दुसरा गेला, काही नाही. तिसरा गेला, काही नाही. आवडाबाई नातीच्या उशाशी बसून राहिली. चौथ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आजी, नव्या रक्तानं मूळ धरलं. पाच वर्षांची पोर, आणि अंगात तान्ह्याचं रक्त! आवडाबाई हरखली, भ्याली, पदर डोळ्यांना लावून रडली.

मग केवडी घरी आली. आवडाबाईनं पुन्हा पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, कोरा कागद ठेवला, लेखणी ठेवली. बोडक्या डोक्याच्या नातीला मांडीवर घेतलं. म्हणाली, "सटवाईबाई, जुनं लिहिलेलं जुन्या रक्ताबरोबर गेलं. आता नव्यानं लिही."

केवडी म्हणाली, "आजी, शाळा पण लिहायला सांग."

सटवाईबाई, केवडीचं लिहिलंस, तसं ऐकणारणींच्या लेकराबाळांचं लिही. साठा बोलांची कहाणी पाचा बोलांत सांगितली, पुरी झाली, फळाला आली.