चिलटांची भाऊबीज

एका राज्यात मृगांका नावाची राजकन्या होती. आईबाप गेलेले, आणि गादीचा वारस म्हणजे तिचा धाकटा भाऊ सुकेतू. त्याला तिनेच लहानाचा मोठा केला. पण पोर भारी चौकस! एके दिवशी त्याने कालजंघ मांत्रिकाच्या सोन्याच्या पिंजऱ्याला हात लावला. त्या पिंजऱ्यात मुंगीपासून हत्तीपर्यंत प्रत्येक जातीची एकेक जोडी कोंडलेली होती. मांत्रिकाने पाणी शिंपडले, सुकेतू उभ्याउभ्या शिळा झाला.

मृगांका मांत्रिकाकडे गेली. तो म्हणाला, "माझ्या पिंजऱ्यात नाही अशी जात आण आणि भाऊ ने. तीनदा संधी देतो. तिसऱ्यांदा चुकलीस, तर तूही शिळा."

तिने पोपट हळदीकुंकवाने रंगवून नेला. त्याची पिल्ले हिरवीच निघाली. मग घोडी आणि गाढवाचे खेचर नेले. मांत्रिक हसला, "याला ना पोर ना बाळ. याची जात पुढे चालायची कशी?"

मृगांका उंबराखाली रडत बसली. वरून भारद्वाज पक्षी बोलला, "राजकन्ये, नवी जात आणता येत नाही. ती घडू द्यावी लागते. चिलटांचा एक थवा दोन रांजणांत वाट. एकाला केळे घाल, दुसऱ्याला चिंच. मग धीर धर."

तिने तसे केले. चिलटांच्या पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, वर्षे गेली, तरी दोन्हीकडची चिलटे सारखीच. तिने भारद्वाजाला जाब विचारला.

"मधे रांजण उघडतेस का?"

"भाऊबीजेला उघडते. बिचाऱ्यांची ताटातूट मला बघवत नाही. सणापुरती सगळी एकत्र सोडते, मग पुन्हा वाटते."

"वेडे, ही भाऊबीज त्यांच्यासाठी नव्हे, तुझ्याच मनाच्या समाधानासाठी. दरसाल तू त्यांचे रक्त कालवतेस, मग वेगळेपण टिकेल कसे?"

मृगांकाला ते फार लागले. पण तिने रांजणांची तोंडे फडक्याने बांधली आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. त्या भाऊबीजेला ती शिळेजवळ बसून पोटभर रडली.

पुष्कळ काळाने ती दोन्ही रांजण घेऊन मांत्रिकाकडे गेली. त्याने ते एकाच दालनात उघडले. केळ्याच्या चिलटांनी केळ्याच्याच जोडीदारिणी निवडल्या, चिंचेच्यांनी चिंचेच्या. एकमेकांना त्यांनी ओळखसुद्धा दिली नाही. मांत्रिकाने बळेच जोड्या लावल्या, तर अंडी वांझ निघाली. चिंचेच्यांच्या पोटी मात्र चिंचेचीच पोरे झाली. मांत्रिकाने पिंजरा कोपरा न् कोपरा धुंडाळला. केळ्याच्यांसारखी जुनी चिलटे सापडली, चिंचेच्यांसारखी नव्हती.

"हरलो," तो म्हणाला.

पिंजऱ्याचे गज गळून पडले. हत्ती, मोर, मुंग्या आपापल्या वाटेने गेल्या. शिळा ऊब धरू लागली, आणि सुकेतू डोळे चोळत उभा राहिला, होता तेवढाच कोवळा. समोरच्या पांढऱ्या केसांच्या बाईला त्याने वाकून नमस्कार केला.

"आजी, माझी ताई कुठे भेटेल?"

मृगांका हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटले. "इथेच आहे, बाळा. जरा उशीर झाला रे मला."

सुकेतू गादीवर बसला, राज्याची घडी बसली. त्या राज्यात चिंचेवर आजही चिलटे घोंगावतात, आणि कुणी त्यांना हाकलायला हात उचलला, तर राजा स्वतः तो हात धरतो.