उघाडीवरचा काळा मासा

डुबूक्.

काळोखात पाण्यावर उमटलेला हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. मोठा जिताडा वर येऊन भक्ष्य गिळतो, तेव्हा असा आवाज होतो. एकदाच होतो. मग पाणी पुन्हा झोपी गेल्यासारखं होतं. तो आवाज आठवला की मला काथोरची गोष्ट आठवते.

काथोर खाडीकाठच्या एका गावात राहायचा. गळ टाकून मासे धरायचा. गळाला तो जिवंत कोळंबी लावत नसे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बोटभर खोटे मासे तो स्वतः कोरायचा, त्यांच्या पोटाखाली गळ बसवायचा आणि त्या माशांनाच खरे मासे फसायचे. त्यांच्या अंगावर तो रुपेरी वर्ख चढवायचा. डोळ्यांच्या जागी शिंपल्याचे कण बसवायचा. उन्हात ते मासे असे चमकायचे की बघणाऱ्याचीही नजर हलत नसे. भर दुपारी त्याचा गळ कधी रिकामा येत नसे.

त्याच गावात पोशा होता. एकटा, कमी बोलणारा. त्याच्याकडे एकच खोटा मासा होता. जाडसर, ओबडधोबड, होडीला लावायच्या डांबराने काळा केलेला. एकदा धक्क्यावर सगळ्यांच्या देखत काथोरने तो हातात घेतला आणि म्हणाला, “पोशा, हा मासा आहे की चुलीतला कोळसा?”

सगळे हसले.

“जिताड्याने विचारलं की सांगेन त्याला,” पोशा म्हणाला आणि आपला मासा घेऊन जाळं विणायला बसला. त्यानंतर तो धक्क्यावर जरा लांबच बसू लागला.

त्या वर्षी काथोरची मुलगी हिरू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना लागला होता, पण तिच्या पोटात अन्न टिकत नव्हतं. गाल बसले होते. आई ताट पुढे करायची आणि ती तोंड फिरवायची. एका संध्याकाळी ती म्हणाली, “बाबा, उघाडीवरच्या जिताड्याचं कालवण मिळालं तर दोन घास जातील बघ.”

“एवढंच ना?” काथोर म्हणाला. “माझी पाळी उद्यापासूनच आहे. पहिल्याच रात्री आणतो.”

शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून खाडीला बांध घातलेला असतो. आतलं पाणी बाहेर जाण्यासाठी त्या बांधाला लाकडी दारं ठेवतात. तीच उघाडी. अमावास्येच्या ओहोटीला आतलं पाणी तिथून जोरात बाहेर पडतं. त्याबरोबर लहान मासळी येते आणि खाली काळोखात जिताडा वाट बघत राहतो. गावाचा रिवाज असा, की अमावास्येच्या तीन रात्री उघाडीवर एकाच माणसाची पाळी. दिवा न्यायचा नाही, जाळं टाकायचं नाही आणि दुसऱ्या कुणी तिथे गळ घालायचा नाही. एकदा पाळी झाली की पुन्हा यायला वर्ष जायचं.

पहिल्या रात्री काथोरने आपला सगळ्यात सुंदर मासा नेला. फेकायचा, झटके देत भरभर ओढायचा, पुन्हा फेकायचा. दिवसा असंच ओढलं की वर्ख लखलखायचा. पहाटेपर्यंत गळाला काही लागलं नाही.

दुसऱ्या रात्री त्याने आणखी चमकदार मासा नेला. त्याच्या समोरच, दहा हातांवर आवाज झाला. डुबूक्. जिताडा होता. भुकेलाही होता. पण काथोरच्या माशाकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही.

सकाळी हिरूने त्याच्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दिवसभर काथोर घरात फेऱ्या घालत होता. दिवस मावळला तेव्हा तो पोशाच्या झोपडीच्या दारात उभा राहिला.

“जेवलास?” पोशाने विचारलं.

“नाही.”

पोशाने आपल्या भाकरीतली अर्धी मोडून त्याच्या हातावर ठेवली. दोघं जेवले. मग काथोर म्हणाला, “पोशा, माझी पोर जेवत नाही रे.”

पोशा उठला. “तुझा मासा घे. चल.”

बांधाच्या आत, शेताच्या बाजूला, कमरेएवढं पाणी साचलं होतं. वारा नव्हता. आभाळातले सगळे तारे त्या पाण्यात उतरले होते. कुठे बांध संपतो आणि कुठे आभाळ लागतं, ते कळत नव्हतं.

“श्वास धर आणि खाली उताणा पड,” पोशा म्हणाला. “डोळे उघडे ठेव.”

“खुळा झालास का?”

“पोरीला जिताडा हवाय ना?”

काथोर पाण्याखाली गेला. पाणी दिवसाच्या उन्हाने अजून कोमट होतं. खाडीची गाज थांबली. वर तारे विरघळल्यासारखे, मऊ मऊ दिसत होते. आपण पाण्यात आहोत की झोपेत, हे त्याला समजेना. पोशाने रुपेरी मासा त्याच्यावरून भरभर ओढत नेला. काथोरला काहीच दिसलं नाही. ताऱ्यांच्या त्या फिकट उजेडात तो फिकट मासा विरून गेला होता.

काथोर वर आला, दम घेतला आणि पुन्हा खाली गेला. या वेळी पोशाने काळा मासा ओढला. हळूहळू.

काथोरने पाहिलं. एक काळी सावली एकेक तारा झाकत, एकेक तारा सोडत सावकाश पुढे येत होती. तिच्या अंगातून बारीकसा आवाजही येत होता. खुळ, खुळ, खुळ. पोशाने त्या माशाचं पोट पोखरून आत एक गुंज ठेवली होती. तो मासा काथोरच्या कपाळावरून गेला, तेव्हा त्याला तो हाताने धरावासा वाटला.

तो धापा टाकत उभा राहिला. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं.

“तू वरून बघतोस,” पोशा म्हणाला. “जिताडा खालून बघतो. रात्री तर तो बघतो कमी आणि ऐकतो जास्त.” त्याने काळा मासा काथोरच्या हातात दिला. “हळू ओढ. इतका हळू, की तुलाच डुलकी यावी.”

त्या रात्री काथोर उघाडीवर एकटा बसला. काळा मासा काळोखात कुठे पडला, तेही त्याला दिसलं नाही. तो दोरी बोटावर घेऊन हळूहळू ओढत राहिला. तारे सरकत राहिले. त्याचे डोळे मिटत आले.

डुबूक्.

दोरी हातातून सुटता सुटता राहिली.

पहाटे घरात कालवणाचा वास भरला. हिरू उठून बसली. दोन घास खाल्ले, मग तिसरा खाल्ला आणि म्हणाली, “आई, अजून भात वाढ.”

काथोर अंगणात जाऊन उगाच दोरी गुंडाळत राहिला. मग त्याने आपला सगळ्यात सुंदर रुपेरी मासा फडक्यात बांधला. पोशाच्या झोपडीवर जावं, काळा मासा परत करावा आणि हा गुपचूप त्याच्या हातात ठेवावा, म्हणजे झालं. तो बांधाने निघाला.

अर्ध्या वाटेवर त्याचे पाय थांबले. शेजारी ते पाणी पसरलं होतं. त्याला कोमट काळोख आठवला आणि वरून सरकत गेलेली सावली आठवली. त्याने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ‘हा मला आवडतो,’ त्याच्या मनात आलं. ‘पोशाला हा काय करायचाय? मी हसलो ते झोपडीत नाही. धक्क्यावर हसलो, चारचौघांत.’

तो मागे वळला आणि धक्क्यावर गेला. सगळे तिथेच होते. पोशाही होता, जरा लांब, जाळं विणत.

“काथोरदादा, ऐकलं आम्ही!” कुणीतरी ओरडलं. “कुठला मासा लावलास? तुझा तो वर्खाचाच ना?”

काथोरने काळा मासा तळहातावर घेतला आणि सगळ्यांसमोर धरला.

“हा लावला,” तो म्हणाला. “पोशाचा आहे. मी याला कोळसा म्हणालो होतो. इथेच म्हणालो होतो, तुमच्यासमोर. पोशा, माझं चुकलं.”

धक्क्याखालचं पाणी तेवढं खांबांना लागत होतं.

पोशाने जाळं बाजूला ठेवलं. तो उठून काथोरपाशी आला. तळहातावरच्या त्या काळ्या माशाकडे त्याने जरा वेळ पाहिलं. मग काथोरची बोटं एकेक करून त्या माशावर मिटवली, आणि बांधाच्या वाटेने निघून गेला.

तात्पर्य: दुसऱ्यासाठी काही निवडताना ते आपल्या डोळ्यांना कसं दिसतं हे बघू नये, आधी त्याच्या जागी जाऊन बघावं. मग माशाला आमिष दाखवायचं असो, नाहीतर माणसाची क्षमा मागायची असो.