खरवड कोणाच्या पानात

“…मग तोच गोंधळ खेळात झाला की मला मजा का येते, बुवा?”

विचारणारा होता उमाकांत खराडे. हायवेला त्याचं थाळीचं हॉटेल. गेल्या रविवारी ऐन गर्दीत रस्सा करपला, तेव्हा त्यानं पातेलं आचाऱ्याच्या पायाशी आपटलं होतं. आचारी ॲप्रन खुंटीला अडकवून चालता झाला, त्याच्या मागोमाग दुसराही. आता स्वयंपाकघरात बायको एकटी राबत होती, आणि हे महाशय हॉटेल विकावं का, हे विचारायला मठात आले होते.

निरंजनबुवा शेंगा फोडत बसले होते.

“कसला खेळ?”

उमाकांतनं पिशवीतून टॅब काढला. लेकीचा होता. पडद्यावर चिमुकलं स्वयंपाकघर. ऑर्डरी येत राहतात, घड्याळ पळत राहतं, दोघांनी मिळून चिरायचं, शिजवायचं, वाढायचं. उशीर झाला की गिऱ्हाईक लालेलाल.

“हॉटेलात हेच चालतं, बुवा. तिथं छाती धडधडते, घास उतरत नाही. आणि लेकीबरोबर हे खेळायला बसलो की उठवत नाही.”

“दोघांचा आहे म्हणतोस?” बुवांनी मांडीवरची टरफलं झटकली. “मग मला घे.”

पडद्यावरचा बुवांचा आचारी आधी भिंतीला धडकला. मग टोमॅटो उचलून जागच्या जागी गोल फिरू लागला.

“बुवा, टोमॅटो फळीवर ठेवा.”

“ही फळी?”

“तो कचऱ्याचा डबा.”

“गेला बघ.”

उमाकांतचा आवाज चढू लागला. “कांदा आणा. कांदा म्हणतोय मी. ताटल्या कोण धुणार? अहो, भात बघा, भात.” या आवाजानं हॉटेलातली पोरं जागच्या जागी थिजायची. बुवा मात्र प्रत्येक हुकमाला मान डोलवत होते आणि भलतंच काहीतरी आणत होते.

पडद्यावरच्या पातेल्यानं पेट घेतला.

“आग लागली, बुवा, आग!”

बुवा विझवायला धावले, ते ताटली घेऊन. आणि खऱ्या स्वयंपाकघरातून मठाचा स्वयंपाक करणाऱ्या साळूबाई धावत आल्या, त्या पाण्याची बादली घेऊन.

उमाकांत हसत सुटला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. किती दिवसांनी असं हसलो, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. साळूबाई बादली खाली ठेवून तिथंच बघत उभ्या राहिल्या.

“हरलो का?” बुवांनी विचारलं.

“सपशेल.”

“मग आता?”

“आता काय… पुन्हा लावायचा.”

“हं.”

उमाकांत पुढचं ऐकायला सरसावून बसला. बुवांनी एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. दुसरी फोडली…

इतक्यात करपल्याचा वास आला. या खेपेला खरा.

उमाकांतची मान ताठ झाली. साळूबाईंनी आत डोकावून पाहिलं.

“बुवा, भात लागला वो.”

पाहुणे आले म्हणून सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

“लागू दे. पानं मांड.”

उमाकांतला राहवलं नाही. “अहो बाई, लक्ष कुठं होतं तुमचं?”

“तुमच्याकडंच की. आग आग म्हणून तुम्हीच वरडत हुता.”



पंगत बसली. वरचा पांढरा भात सगळ्यांच्या पानात पडला. मग साळूबाईंनी उलथण्यानं तळाची काळी खरवड काढली आणि सरळ बुवांना वाढली. कुणी मान वळवून पाहिलंही नाही. मठात जे करपेल ते बुवांच्या पानात, ही रीत त्यांच्या गुरूंच्या वेळेपासूनची.

बुवांनी खरवडीवर ताक ओतलं आणि कुरुमकुरुम चावायला लागले.

“बुवा, आज जरा जास्तच लागलाय,” साळूबाई म्हणाल्या.

“खेळही तसाच रंगला होता, साळू.”

पंगत हसली. साळूबाईही हसल्या, आणि ताकाची कळशी घेऊन पुढच्या पानाकडे गेल्या.

उमाकांतचा हात भातातच थांबला. त्याला फरशीवर सांडलेला रस्सा आठवला. मग आचाऱ्याचे भाजलेले पाय आठवले, आणि त्याहून जास्त त्याचा चेहरा. स्वतःची फार लाज वाटली.

त्यानं आपलं पान बुवांच्या पानाकडे सरकवलं.

“बुवा…”

“बोल.”

“थोडी खरवड मला द्या.”

बुवांनी पान आपल्याकडे ओढून घेतलं.

“ही माझी. तुझी तुझ्या हॉटेलात.”