माळावरच्या हिरड्याचे बी

एकदा एका वयोवृद्ध वनशास्त्रज्ञाने आपल्या शिष्येचे महिनाभराचे कष्ट तिच्यादेखत जमिनीवर ओतून दिले.

घाटमाथ्यावरील एका देवराईत हे घडले. राईत शेकडो वर्षांचे हिरडे उभे होते. तेथला दंडक असा, की राईतली काडी बाहेर न्यायची नाही आणि बाहेरचे बी आत आणायचे नाही. राईचा गुरव तो प्राणपणाने पाळी. एकाही झाडाला कुऱ्हाड लागलेली नाही, याचा गावाला कोण अभिमान! पाहुणे येत, माना उंचावून वृक्ष पाहत, फोटो काढत आणि जेवायच्या वेळेला परत जात.

शिष्या मात्र आठ वर्षे जमिनीकडे पाहत होती. हिरड्याची रोपे पावसात रुजत आणि चैत्र उजाडण्याआधी करपून जात. पूर्वी उन्हाळ्यातही राईत ओल टिकत असे, ती आता टिकेना. गुडघ्याइतके एकही रोप उरले नव्हते. म्हणून यंदा तिने सर्वांत जुन्या वृक्षाच्या टपोऱ्या बिया एकेक निवडून ठेवल्या होत्या. गुरुजींनी ओतल्या त्या याच. मग त्यांनी झोळीतून दुसऱ्या बिया काढल्या. दूरच्या, कोरड्या माळावरील खुरट्या हिरड्यांच्या त्या बिया बारीक आणि सुरकुतलेल्या होत्या.

शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले. गुरव आडवा आला. देवाचा दंडक मोडाल तर माझ्याशी गाठ आहे, असे त्याने बजावले.

वृद्ध म्हणाले, "बुवा, काडी न्यायची नाही, हा दंडक देवाचा असेल. बाहेरचे बी आणायचे नाही, हा माझा आहे. तीस वर्षांपूर्वी मीच तो तुमच्या वडिलांना घालून दिला. तेव्हा माळावरून मेंढरे घेऊन आलेल्या एका बाईने पदरात अशाच बिया आणल्या होत्या. म्हणाली, 'आमची झाडं उन्हाला सरावलीत. इथं लावून ठेवा, पुढं लागतील.' मी तिला राईची शुद्धता समजावली. बिया चुलीत टाकायला लावल्या. ती मेंढरे हाकत निघून गेली. आता माळावरचे ऊन इथवर आले आहे. या थोरल्या वृक्षाची लेकरे गारव्यात वाढणारी, त्यांना ते सोसत नाही. कुऱ्हाडीपासून आपण राई राखली, हे खरेच. पण ज्याच्यामागे पोरबाळ नाही ते वन कसले? हा वृद्धाश्रम आहे, बुवा, आणि त्याला कुलूप मी घातले."

गुरवाने थोरल्या हिरड्याकडे मान वर करून पाहिले. मग वाटेतून बाजूला झाला आणि खालच्या आवाजात त्याने विचारले, "ह्ये तरी रुजंल का, गुरुजी?"

"ठाऊक नाही," वृद्ध म्हणाले. "तेव्हा लावले असते, तर आज त्याला फळे असती."

शिष्येने डोळे पुसले आणि पहिला खड्डा खणायला घेतला.

वनात केलेली चूक निस्तरायला झाड वाढायला लागतात तेवढीच वर्षे लागतात. ती वर्षे आता आपल्यापाशी आहेत की नाहीत, हे सांगायला मात्र कोणी शहाणा पुढे येत नाही.